मुलींच्या क्लबचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

समाजकेंद्राच्या सभागृहात मुलींचा क्लब सुरू करायचं ठरलं की पहिल्या बैठकीत सामानाची यादी निघते आणि ती बहुतेक वेळा चुकते. चकचकीत खोकी वर जातात आणि चाप असलेले पॅड, कुलूप, नोंदवही यांची आठवण तिसऱ्या आठवड्यात होते. हे परीक्षण त्या यादीचं आहे. गृहीत धरलेला क्लब असा: ९ ते १४ वयाच्या १८-२० मुली, आठवड्यातून एकदा दीड तास, सभागृह दुसऱ्यांचंही, त्यामुळे आल्यावर मांडायचं आणि जाताना आवरायचं.

प्रत्येक वस्तूला प्रश्न एकच विचारला आहे: वीस मिनिटं उशिरा आलेली मुलगी यात मध्येच शिरू शकते का? क्लब म्हणजे शाळा नव्हे, हजेरीची सक्ती नाही. दर वेळी तीन-चार जणी उशिरा येतात, एक-दोघी लवकर जातात, कुणी धाकट्या बहिणीला घेऊन येते. जी वस्तू हे झेलत नाही ती एका मुलीला भिंतीशी बसवते. भिंतीशी बसलेली मुलगी पुढच्या आठवड्यात येत नाही.

सुरुवात तयार कलाकृतींच्या संचांपासून करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. ‘२० मुलांसाठी’ लिहिलेलं मोठं खोकं, आत मोजून २० तुकडे, २० डोळे, २० पिसं आणि सूचनांचा एकच कागद. पहिली अडचण मोजणीची. एकवीस जणी आल्या की संच संपला, आणि एखादा तुकडा फाटला तरी संपला. दुसरी अडचण गोंदाची. या संचांमध्ये मधल्या पायरीला हमखास लिहिलेलं असतं, ‘वाळू द्या’. पांढरा गोंद धरायलाच अर्धा-पाऊण तास घेतो आणि पूर्ण पक्का व्हायला जवळजवळ दिवस. तुमच्या हातात मुख्य कामाला असतात पंचेचाळीस मिनिटं. मग ओल्या गोंदावर पुढचा थर चढतो, सगळं सरकतं आणि दहा वर्षांची मुलगी म्हणते, ‘मला जमतच नाही.’ तिला जमत होतं, संच दीड तासाच्या क्लबसाठी आखलेलाच नव्हता. तिसरी अडचण या दोन्हींपेक्षा वाईट: वीस सारखी घुबडं. सगळ्यांनी एकच वस्तू केली की मुली लगेच शेजारचीशी तुलना करतात आणि अर्ध्या घुबडांना घरी जायचीही लाज वाटते. हे संच घेऊच नका. कुणी भेट दिलाच तर सूचनांचा कागद बाजूला ठेवा, सुटे भाग डब्यांत वेगवेगळे काढा आणि वर्षभर वापरा. चमकीची पुडी मात्र उघडूच नका. सभागृह दुसऱ्यांचंही आहे.

आता यादीतली सर्वांत उजवी वस्तू: भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा, मनगटावर बांधायचे बँड विणायला. यावर सविस्तर लिहावं लागेल, कारण तो नीट घेतला तर वर्षभर पुरतो आणि चुकीचा घेतला तर पहिल्याच दिवशी गुंत्याचा गोळा होतो.

डीएमसी या कंपनीची लडी ८ मीटरची असते, सहा पदरांची, आणि प्रत्येक रंगाला क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा उपयोग नंतर कळतो: निम्मा पट्टा विणून झाल्यावर दोरा संपला तर तोच रंग पुन्हा मिळतो. स्वस्तातले शंभर लड्यांचे गठ्ठे दिसायला भरगच्च असतात, पण त्यात दोन खोडी निघतात. काहींचा रंग जातो. घेताना पाच सेंटिमीटरचा तुकडा ओला करून पांढऱ्या कागदी रुमालात दाबून पाहा, गडद लाल आणि गडद निळा हे दोन तरी नक्की. काही गठ्ठ्यांत सुताऐवजी पॉलिस्टर असतं. ते चमकतं छान, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ धरत नाही आणि नवख्या हाताची वीण सैल पडते.

हिशोब असा. मनगटाच्या साध्या तिरक्या पट्ट्यांच्या बँडला सहा दोरे लागतात, प्रत्येकी साधारण ८५ सेंटिमीटर. एका लडीतून असे नऊ दोरे निघतात. वीस मुलींना १२० दोरे, म्हणजे कागदावर चौदा लड्या. प्रत्यक्षात सात रंगांच्या तीन-तीन, अशा एकवीस घ्या, कारण सगळ्यांना तेच दोन रंग हवे असतात आणि ते कोणते हे आधी सांगता येत नाही. लडीवरचं कागदी वेष्टण काढू नका. दोन टोकांपैकी जे न अडखळता येतं ते ओढा, दोरा नीट सुटतो. वेष्टण काढलं की लडी संपली म्हणा. त्याहून बरं म्हणजे क्लबच्या आदल्या दिवशी जाड पुठ्ठ्याच्या चार सेंटिमीटर चौकोनांवर दोरा गुंडाळून ठेवावा, कडेला एक खाच पाडून टोक तिच्यात अडकवावं आणि पुठ्ठ्यावर रंगाचा क्रमांक लिहावा.

गाठ शिकवताना बहुतेक जणी एक गोष्ट गाळतात. डावीकडचा दोरा शेजारच्या दोऱ्यावरून न्यायचा, इंग्रजी चारच्या आकड्यासारखा आकार करायचा (मराठी ४ नव्हे, त्याने घोळ होतो), खालून टोक काढून वर ओढायचं. हे त्याच दोऱ्यावर दोनदा केलं की एक गाठ पुरी होते. एकदाच केलं तर पट्टा पिळला जातो आणि मुलगी म्हणते, ‘माझा गोल का होतोय?’ दुसरी नेहमीची तक्रार, कड वेडीवाकडी येते. गाठ वरपर्यंत सरकवून न घेतल्याने असं होतं. दर ओळीनंतर सहा दोरे मोजायची सवय लावा, पाच निघाले तर एक मागे राहिला आहे. आणि दोरा टेबलाला चिकटपट्टीने लावू नका. चिकटपट्टी दर पाच मिनिटांनी सुटते आणि निघताना टेबलाचं पॉलिश घेऊन निघते. साधं लिहायचं चापाचं पॅड घ्या, वरची गाठ चापात अडकवा. पॅड मांडीवर घेऊन मुलगी कुठेही बसू शकते, मैत्रिणीकडे तोंड करूनही. गप्पा खरं तर तिथेच होतात, हात कामात आणि नजर खाली असताना.

पण उशिरा आलेल्या मुलीचं काय? गाठीचा बँड तिला लगेच शिकवता येत नाही, पहिला बँड पुरा व्हायला नवखीला दोन-तीन सत्रं लागतात. तिच्यासाठी गोफ विणायची पुठ्ठ्याची चकती. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्यायचा, आठ-नऊ सेंटिमीटरचा अष्टकोन कापायचा, मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक आणि आठ बाजूंना आठ खाचा. सात दोरे एकत्र गाठून गाठ भोकातून खाली सोडायची, सात खाचांत सात दोरे, आठवी रिकामी. रिकाम्या खाचेपासून एकाच दिशेने मोजायचं, तिसरा दोरा उचलून रिकाम्या खाचेत बसवायचा, चकती फिरवून नवी रिकामी खाच आपल्याकडे आणायची आणि पुन्हा तिसरा. एवढंच. दोन मिनिटांत येतं, चुकलं तर कुठे चुकलं हे दिसतं (दोन खाचा रिकाम्या किंवा एका खाचेत दोन दोरे), आणि मध्येच ठेवून घरी गेलं तरी वीण सुटत नाही. पातळ कार्ड वापरू नका, ते वाकतं आणि खाचा सैल होऊन दोरे निसटतात. चकत्या पंचवीस कापून ठेवा. या चकतीला विकतचा पर्याय फोमचा मिळतो, त्याला खाचा जास्त असतात आणि नवखीला त्यात मोजायला अवघड जातं. पुठ्ठाच बरा.

गरम गोंदाची बंदूक. मुली मागतात, क्लब चालवणाऱ्या ताया घाबरतात, दोघींचंही बरोबर. कमी तापमानाची घ्या, साधारण १२० अंश सेल्सिअसची. जास्त तापमानाच्या बंदुकीतून १९० च्या आसपासचा गोंद निघतो, त्याची क्लबमध्ये गरज पडेल असं काम नाही. मात्र ‘कमी’ हा शब्द फसवा आहे, १२० अंशांचा थेंबही कातडीला चिकटून भाजतो. चिकटलेला गोंद ओढून काढू नका, कातडी येते. आधी वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं, म्हणजे खरोखर घड्याळ लावून वीस. बंदुका दोनच, एका टेबलावर, भिंतीतल्या प्लगजवळ, वायर चालण्याच्या वाटेत नको आणि तिथे एक मोठी व्यक्ती बसलेली. ती व्यक्ती उठली की प्लग काढायचा. कांड्या घेताना जाडी पाहा: ७ आणि ११ मिलिमीटर अशा दोन मापांत येतात आणि एकीची दुसरीत चालत नाही. कपाटात हमखास चुकीच्या मापाची अर्धी पिशवी पडलेली सापडते.

बिल्ले बनवायचं यंत्र जड आहे, एकट्या क्लबने घेण्याजोगं नाही. केंद्रातल्या आणखी दोन गटांनी मिळून घेतलं तर वसूल होतं. ५८ मिलिमीटरचं माप घ्या, लहान बिल्ल्यावर मुलींचं चित्र मावत नाही. मांडणी अशी: पहिल्या साच्यात पत्र्याची चकती, तिच्यावर कागद, त्यावर पारदर्शक फिल्म, आणि दांडा दाबायचा. मग दुसऱ्या साच्यात पाठीमागची पिनेची चकती, पुन्हा दाब. तीन चुका वारंवार होतात. पत्र्याच्या चकत्या एकमेकींना चिकटून दोन उचलल्या जातात आणि यंत्र अडकतं. चकती बोटाने सरकवून एकच आहे हे बघा. चित्र कडेपर्यंत काढलं की माणसांची डोकी मागे दुमडली जातात. कागद साधारण ७० मिलिमीटरचा कापलेला असला तरी दिसणारा भाग ५८ चाच, म्हणून त्या मापाचं वर्तुळ आधी पेन्सिलीने आखून द्या. आणि जाड चित्रकलेचा कागद नको, साधा छपाईचा कागदच साच्यात बसतो. शिरता येण्याच्या परीक्षेत हे यंत्र पहिल्या वर्गात पास. चित्र काढा, रांगेत या.

लगेच छापणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मत बदलावं लागतं. इन्स्टॅक्स मिनी या अशा कॅमेऱ्याच्या फिल्मच्या पाकिटात १० फोटो असतात, कार्ड ८६ बाय ५४ मिलिमीटर, त्यातलं चित्र ६२ बाय ४६. वीस मुलींना दहा फोटो हे गणित भांडणाचं आहे, आणि फिल्मचा खर्च थांबत नाही. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने जाते: साध्या मॉडेलमध्ये फोटोची दुसरी प्रत कुठेच राहत नाही. फोटो मुलीच्या हातात, ताईच्या फोनमध्ये काही नाही, कुठल्या समूहात फिरणं नाही. पालकांची लेखी परवानगी याही फोटोंना घ्यायचीच. वर्षातून दोन पाकिटं, गटाचे फोटो, बस्स. फोटो हलवून लवकर उमटत नाही, हे कॅमेऱ्याला हात लावणाऱ्या पहिल्या मुलीला सांगून ठेवा, बाकीच्यांना ती सांगेल.

ऊनो हा पत्त्यांचा खेळ घ्या, दोन पुडे. एका पुड्यात दोनपासून दहा जणी खेळू शकतात, डाव छोटा असतो, उशिरा आलेली पुढच्या डावात बसते. कटकट एकच, पुढचीला दोन पत्ते उचलायला लावणाऱ्या +२ च्या पत्त्याची: ‘+२ वर +२ टाकता येतो का?’ कंपनीने २०१९ मध्ये जाहीर सांगितलं होतं की थप्पी लावता येत नाही, ज्याच्यावर आला त्याने पत्ते उचलून आपली पाळी सोडायची. जवळजवळ सगळीकडे मात्र थप्पी लावूनच खेळतात. क्लबचा नियम काय ते मुलींनी एकदा ठरवून डब्याच्या झाकणाच्या आत लिहावं. झाकणावर लिहिलं की भांडण निम्मं होतं.

खेळायची रंगीत पॅराशूट (सगळ्यांनी कडेच्या मुठी धरून उडवायचं मोठं गोल कापड) नऊ-दहा वयापर्यंत छान, बारा-तेराच्या मुली पहिल्यांदा नाक मुरडतात. सहा मीटर व्यासाची वीस जणींना पुरते. आधी छताकडे पाहा: पंखे आणि लोंबते दिवे असतील तर घेऊ नका. घेतलीच तर मुठींची शिलाई ओढून बघा, कापड टिकतं आणि मुठी निघतात.

आता दोन वस्तू, ज्या कुठल्याच संचात मिळत नाहीत आणि ज्यांच्याशिवाय मुलींचा क्लब म्हणजे नुसता हस्तकलेचा वर्ग.

पहिली, स्वच्छतागृहातला सॅनिटरी पॅडचा डबा. विकत मिळणारे ‘पहिल्या पाळीचे संच’ गुलाबी पाऊच, माहितीची पुस्तिका आणि दोन-तीन पॅड असे असतात. पाऊच सुंदर, आतला माल बेताचा. त्याऐवजी झाकणाचा साधा डबा घ्या आणि स्वतः भरा: साध्या लांबीचे पॅड सहा, रात्रीचे लांब दोन, गडद रंगाच्या नव्या चड्ड्या दोन मापांत, कागदी पिशव्या आणि ओले पुसणी-रुमाल. डबा स्वच्छतागृहातच उघड्यावर ठेवा, ताईच्या पर्समध्ये किंवा कुलपात नको. मुलींना पॅड मिळत नाही असं फारसं होत नाही, मागायला तोंड उघडत नाही. शेजारी झाकण असलेला कचऱ्याचा डबा हवा, तो नसला की पॅड खिडकीच्या कट्ट्यावर सापडतात आणि मग केंद्राचे लोक क्लबवर रागावतात. डबा दर आठवड्याला मोजून भरायचं काम मोठ्या मुलींच्या जोडीला द्या. रिकामा डबा नसल्यापेक्षा वाईट.

समजावताना जाहिरातीतलं निळं पाणी वापरू नका. पाण्यात रंग ओतून पॅड किती शोषतो हे दाखवणं खोटं पडतं, रक्त पाण्यापेक्षा दाट असतं आणि सावकाश येतं. त्यापेक्षा ५ मिलिलिटरचा चमचा घ्या. पूर्ण पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे सहा ते आठ चमचे, तेही अनेक दिवसांत. एका पेल्यात ते मोजून दाखवलं की मुलींची भीती डोळ्यांदेखत उतरते, कारण त्यांना वाटत असतं बादलीभर. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, भरला नसला तरी. सुरुवातीच्या वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवसांपर्यंत मागेपुढे होतं, हे सांगितलं की ‘माझं बिघडलंय का’ हा प्रश्न कमी होतो. आणि पॅड चिकटवायचा कसा हे कापडाच्या चड्डीवर प्रत्यक्ष करून दाखवा. पंख कुठे दुमडायचे हे पुष्कळ जणींना कुणी दाखवलेलंच नसतं.

दुसरी वस्तू, प्रश्नपेटी. कुलपाची कुठलीही छोटी पेटी, वर फट. ती ठेवून भागत नाही, चालवायची पद्धत आहे. ‘ज्यांना विचारायचं त्यांनी विचारा’ असं म्हटलं की पेटी रिकामी राहते, कारण उठून चिठ्ठी टाकणारी दिसते. म्हणून सगळ्यांना एकाच मापाची चिठ्ठी, एकसारखी पेन्सिल, आणि प्रत्येकीने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर आवडता रंग लिहा. सगळ्या घडी करून टाकतात, कुणाचा प्रश्न कळत नाही. चिठ्ठ्या तिथेच उघडून वाचायच्या नाहीत. घरी नेऊन वाचायच्या, उत्तरं तपासायची, पुढच्या आठवड्यात द्यायची, आणि प्रश्न आपल्या अक्षरात दुसऱ्या कागदावर उतरवून, नाहीतर शेजारी बसलेली अक्षर ओळखते. एकदा सुरू केल्यावर उत्तराचा आठवडा चुकवू नका, एक चुकला की पुढच्या वेळी वीस चिठ्ठ्यांवर वीस रंग येतात. आणि पेटी ठेवायच्या आधीच सांगा: ‘तुमचं नाव मी शोधणार नाही. पण कुणाला इजा होते आहे असं लिहिलेलं असेल तर मी गप्प बसणार नाही, मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसाला सांगेन.’ पूर्ण गुप्ततेचं वचन कुणी देऊ नये, ते पाळता येत नाही. तशी चिठ्ठी आली तर स्वतः तपास करत बसायचं नाही. केंद्रात मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्या व्यक्तीवर आहे तिच्याकडे त्याच दिवशी चिठ्ठी जशीच्या तशी द्यायची. अशी व्यक्ती कोण हे केंद्राला ठाऊक नसेल तर पेटी अजून ठेवू नका.

नोंदवही जाड पुठ्ठ्याची, शिवलेली. सुटी पानं हरवतात. रकाने पाच: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कुणाबरोबर गेली, सही. चौथा रकाना लोक गाळतात आणि नेमकी तीच माहिती एखाद्या संध्याकाळी लागते. आपल्या पायी जाणाऱ्या मुलीसाठी पालकांची तशी लेखी परवानगी हवी. पालकांचे फोन नंबर वहीत नकोत, वही टेबलावर उघडी असते. ते वेगळ्या कागदावर, ताईजवळ. माणसं किती लागतात हेही इथेच लिहितो: ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसुरक्षा संस्था ९ ते १२ वयाला दर ८ मुलांमागे एक आणि १३ ते १८ ला दर १० मागे एक मोठी व्यक्ती असावी असं सुचवते. वीस मुलींना म्हणून तिघी. तिसरी ऐन वेळी येत नाही, तेव्हा चौथीचा नंबर जवळ असावा.

डबे पारदर्शक, तीस लिटरचे. साठ लिटरचा डबा कागदांनी भरला की तेरा वर्षांच्या दोघींनाही उचलत नाही, आणि आवरणं मुलींनीच करायचं असतं. शिट्टी घेऊ नका, सभागृहात ती कानठळ्या बसवते आणि वर्गात बसल्यासारखं होतं. दिवे एकदा बंद-चालू केले तरी सगळ्या मान वर करतात. कपाटाचं कुलूप आकड्यांचं घ्या. किल्लीचं कुलूप असलं की किल्ली ज्या ताईकडे असते, नेमकी तीच त्या दिवशी आजारी पडते.